सहा वाजता बंद केलेली पेटी

हिरा,

काल पौर्णिमा होती. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या गेटजवळचं गटार भरलं. पाऊस नाही, कुठं पाइप फुटलेला नाही, आणि झाकणाच्या भोकांतून काळं पाणी वर येत होतं. वॉचमनने आधी झाडूने ते परत आत लोटायचा प्रयत्न केला, मग खुर्ची उचलून दोन हात मागे सरकवली आणि पुन्हा मोबाइल बघत बसला. मी तिसऱ्या मजल्यावरून, गॅलरीत उभी राहून बघत होते. वीसेक मिनिटं पाणी तिथं थांबलं आणि आलं तसं गेलं. जाताना एक निवटी मागे ठेवून गेलं. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो मासा आमच्या फरशीवर तोंड उघडमिट करत पडला होता. त्याला ओळखणारं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नव्हतं. मला ओळखता आला, कारण तू दाखवला होतास.

मी फोन हातात घेतला होता. तुला जाऊन सोळा दिवस झालेत हे पक्कं ठाऊक असूनही घेतला होता. तुझं नाव समोर आलं आणि मग मला कळलं मी काय करतेय ते. खाली जाऊन मी निवटी सुपलीत घेतली, पण सोडायची कुठं ते सुचेना. पूर्वी बागेतल्या तळ्यात सोडली असती. आता तिथं तळं नाही.

तुझ्याबद्दल चांगलं लिहून द्या, असं सेक्टरमधल्या सोसायट्यांच्या फेडरेशनच्या अध्यक्षांनी मला सांगितलंय. सेक्टरच्या बोर्डावर लावायचंय म्हणे, तुझ्या फोटोखाली. बाजारातल्या हसतमुख हिराबाई, चाळीस वर्षं मासळी विकली, सगळ्यांशी प्रेमाने वागल्या, असं काहीतरी. तू सगळ्यांशी प्रेमाने कधी वागलीस? पापलेटाला बोट लावून दर विचारणाऱ्या बायकांना तू काय बोलायचीस ते बोर्डावर लावता येणार नाही. तेव्हा मी ते लिहिणार नाही. मी हे लिहितेय, आणि तुलाच लिहितेय, कारण तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. राहिलीय कसली, मी ठेवलीय.

पण आधी जरा इकडचं तिकडचं बोलू दे. मी भित्री आहे हे तुला माहीतच आहे.

मी साताऱ्याकडची. विमा कंपनीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलं आणि सानपाड्याला हा फ्लॅट घेतला. मासळी म्हणजे पापलेट एवढंच मला ठाऊक होतं, तेही तळलेलं. रिटायर झाल्यावर बाजाराला मी यायला लागले, तेव्हा तू पहिल्याच दिवशी मला मॅडम म्हणालीस आणि शिळं दिलंस. दुसऱ्या दिवशी मी ते सांगायला आले, तेव्हा तू न लाजता म्हणालीस, “वळखता येतं का ते बघत व्हते.” मग मला बाजूला बसवून कल्ले उघडून दाखवलेस. त्या दिवसापासून मी तुझी बाय झाले. आमच्या घरी बांगडा शिजायला लागला त्याचं सगळं पुण्य तुझं, आणि आमच्या ह्यांना वासाचं जे काही बोलायचं होतं ते त्यांनी तुझ्या नावाने बोलून घेतलं.

संध्याकाळी पाटी रिकामी झाली की तू बागेत यायचीस. तळ्याजवळच्या बाकावर आपण बसायचो. मला ती बाग म्हणजे बाग वाटायची, चालायला रस्ता, दोन झोके, कडेला कण्हेर. तुला ती तुझ्या बापाचं शेत वाटायची. हे कोपऱ्यातलं पिंपळाचं झाड बांधावरचं, ही उतरती जागा खाडीकाठच्या खाजणातली, आणि भिंतीपलीकडे नाल्याच्या तोंडाशी दिसते ती उघाडी. उघाडी म्हणजे काय हे मला तुझ्याकडून कळलं. लाकडी झडप. खाडीला भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपली आपण मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर निघतं. तुमच्या गावाने जमीन दिली, तिच्यावर सेक्टर उभा राहिला, रस्ते पुरुषभर उंच झाले, पण ती झडप तशीच राहिली होती. दर वर्षी मृगाच्या आधी तुझ्या घरचे पुरुष तिच्यातला गाळ काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. तुझा नवरा गेल्यावर तू दोन माणसं लावून काढून घेत होतीस. मला वाटायचं, ही बाई उगाच जुनं धरून बसलीय.

एकदा ऐन पावसात तू मला छत्री घेऊन तिथं नेलंस. सेक्टरचं सगळं पाणी वाहत येऊन तळ्यात जमत होतं, तळं काठोकाठ भरलं होतं, आणि गावातली घरं त्या काठापेक्षा खाली होती. तू म्हणालीस, भरती उतरेपर्यंत हे तळं पाणी धरून ठेवतं, म्हणून आम्ही झोपू शकतो. मी वाकून बघितलं तर तुझ्या घराचा उंबरा माझ्या चपलेच्या पातळीच्या खाली होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मी विसरले.

मग ते मताचं आलं. वरच्या कार्यालयातून पत्र आलं की बागेची देखभाल यापुढे जमणार नाही. सेक्टरने जबाबदारी घेतली तर प्लॉट बागेचाच राहील, नाहीतर भराव घालून पार्किंग होईल. फेडरेशनने तोड काढली ती बागेच्या रुपयाची. बाजारातल्या प्रत्येक दुकानाने शंभराच्या वरच्या बिलावर एक रुपया जास्त घ्यायचा, तो बागेला. माळी, रखवालदार, तळ्याची आणि उघाडीची सफाई त्यातून. सेक्टरने मत द्यायचं, हवा का नको. फेडरेशनची सेक्रेटरी मी, त्यामुळे याद्या, चिठ्ठ्या, पेटी सगळं माझ्या गळ्यात.

तेवढ्या एका रुपयावरून जे रण माजलं ते तू पाहिलंस. प्रॉपर्टी टॅक्स भरतो, पुन्हा हा जिझिया कशाला, असं म्हणणारे होते. गिऱ्हाईक पलीकडच्या सेक्टरला जाईल म्हणणारे दुकानदार होते. आणि गाडी लावायला जागा मिळेल म्हणून गप्प बसून नको म्हणणारे सगळ्यांत जास्त होते. तू मात्र घरोघर फिरलीस. ज्यांच्या लिफ्टमध्ये तुझी पाटी चालत नाही त्यांचे चार-चार मजले चढून गेलीस.

आपलं भांडण झालं ते यादीवरून. मतदार म्हणून मी फ्लॅटवाले घेतले आणि गाळेवाले घेतले. तुम्ही अकरा जणी बाजाराच्या बाहेर, फुटपाथला लागून बसणाऱ्या. गाळा नाही, त्याला मत नाही, असं मी तुला तोंडावर सांगितलं. नियमाचं पुस्तक उघडून सांगितलं, जणू तू माझ्याकडे क्लेम घेऊन आली होतीस. तू पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाहीस.

“रुपया आमच्या गिऱ्हाइकाकडून पन घेनार ना? मंग मत पन आमचं घे. आनि पानी पयलं कोनाच्या घरात जानार ते तुज्या बुकात बघ.”

मी दोन महिने अडून राहिले. त्या दोन महिन्यांत तू मला मासळी दिलीस, पण मापातच दिलीस, वर एक बोंबील टाकला नाहीस. शेवटी मी अकरा नावं यादीत घातली. तू थँक्यू म्हणाली नाहीस. मला राग आला होता त्याचा. आता वाटतं, जे तुमचंच होतं ते दोन महिने उशिरा दिलं म्हणून थँक्यू कसलं?

मतदानाचा रविवार ठरला, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. नोटीस मी काढली. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते, तुला आता ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वेळेत पुरेसे लोक न जमल्यास अर्धा तास थांबून त्याच ठिकाणी कामकाज पुढे घेण्यात येईल. ती ओळ आहे म्हणून कुणी वेळेवर येत नाही. दहाची सभा साडेदहाला सुरू होते हे पोराबाळांनाही माहीत असतं, सभेच्या चहाचं आधणसुद्धा साडेदहाच्या हिशेबानेच ठेवतात. मी पंचवीस वर्षं त्या अर्ध्या तासाचा राग केला. दहा वाजता रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटी बसणारी बाई मी. म्हणून या वेळी कमिटीला ठणकावून सांगितलं होतं, अर्धा तास नाही, सहा म्हणजे सहा. आणि नोटीस टाइप करताना मी मागच्या वर्षीची फाइल उघडली, विषय बदलला, तारीख बदलली, वेळ बदलली आणि प्रिंट काढली.

त्या रविवारी सहाला पाच कमी असताना मी घड्याळ टेबलावर ठेवलं. यादीतल्या निम्म्यांनीसुद्धा मत टाकलं नव्हतं. सहाला मी पेटीच्या फटीवर कागद चिकटवला आणि सही केली. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही आलात. अकराच्या अकरा. रविवारची संध्याकाळ म्हणजे तुमच्या विक्रीची वेळ, ती सोडून, पाट्यांवर ताडपत्री टाकून. दिवसभरात एकेक करून येता आलं असतं, पण फेडरेशनच्या ऑफिसच्या गेटवर वॉचमन हटकतो म्हणून एकेकटीला यायचं नव्हतं. सगळ्यांनी हात-पाय धुतले होते. दोघींनी तर नव्या साड्या नेसल्या होत्या. आयुष्यात या सेक्टरने तुम्हाला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

मी म्हणाले, वेळ संपली.

तू शांतपणे म्हणालीस की नोटिशीत अर्धा तास आहे. मी म्हणाले, या वेळी नाही. तू पुन्हा म्हणालीस, तुझ्या सुनेनं, वंदनानं वाचून दाखवलंय. मी म्हणाले, तिने जुनी वाचली असेल. मागून अध्यक्ष म्हणाले की आता सही झालीय, उगाच वाद नको. तुम्ही अकरा जणी बाहेर उभ्या राहिलात आणि आत आम्ही चिठ्ठ्या मोजल्या. बाग सात मतांनी पडली. मोजणी झाल्यावर मी दाराकडे बघितलं तर तू तिथंच होतीस, बाकीच्या निघून गेल्या होत्या. तुझा चेहरा रागावलेला नव्हता. तू नाल्याच्या दिशेने बघत होतीस.

मला बाग हवी होती, हिरा. मीही हवाच्याच बाजूने चिठ्ठी टाकली होती. हे तुला सांगून काही फायदा नाही, पण सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावरची नोटीस काढायला गेले. काढता काढता वाचली. शेवटची ओळ तिथं होती. माझ्या सहीच्या बरोब्बर वर. मी ती दोनदा वाचली. हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. कमिटीसमोर नोटीस ठेवून एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे, मतदान परत घ्या. मी नोटिशीची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. बाकीच्या बिल्डिंगमधल्याही गोळा केल्या. कुणी विचारलं नाही. सेक्रेटरीने नोटिसा काढल्या की काढल्या.

तिसऱ्या दिवशी तू माझ्या घरी आलीस. कधी सोफ्यावर बसायची नाहीस, त्या दिवशी बसलीस. पाणी प्यायलीस आणि विचारलंस.

“बाय, खरं सांग. अर्धा तास लिवलेला ना गो?”

पर्स तुझ्या शेजारी, सोफ्यावरच होती. मी म्हणाले, “नाही हिरा. नव्हता.”

तू स्वतःकडे बोट करून म्हणालीस की तसं असेल तर चूक माझीच. जाताना चपला घालायला वेळ लागला तुला, मी हात दिला नाही. मी का खोटं बोलले ते आजही मला नीट सांगता येत नाही. नोकरी जाणार नव्हती, कुणी फाशी देणार नव्हतं. चाळीस वर्षं जिच्या कागदात चूक सापडली नाही अशी बाई, एवढीच काय ती माझी मिळकत होती आणि ती मला तुझ्यासमोर सोडता आली नाही.

पुढचं तुझ्या बाबतीत काय झालं ते मला हळूहळू, मासळी घेता घेता कळलं. त्या दहा जणी तुला बोलायला लागल्या. उशीर तुझ्यामुळे झाला, थांबा म्हणून तूच सांगितलंस. गावात म्हणायला लागले की हिरा सेक्टरवाल्यांच्या घरात उठते-बसते, तिनेच आपल्याला मागे ठेवलं. तू ते ऐकून घेतलंस. ज्या बाईने दरावरून इन्स्पेक्टरला पळवून लावलं होतं ती बाई खाली मान घालून ऐकते हे मी समोर उभी राहून बघितलं आणि कोळंबी घेऊन घरी आले. वंदनाला तू वाचता येत नाही म्हणून बोललीस, आणि ती रडली. तिने बरोबरच वाचलं होतं.

दिवाळीनंतर डंपर सुरू झाले. फोडलेल्या इमारतींचं डेब्रिज, फरशा, कमोडचे तुकडे, विटा. पहिल्या आठवड्यात झोके गेले. मग तळं. तळं भरताना पाणी एकदम नाहीसं झालं नाही, ते बाजूबाजूने सरकत राहिलं, आणि बेडूक रस्त्यावर आले. तू रोज सकाळी पाटी मांडायच्या आधी तिथं जाऊन उभी राहायचीस. ड्रायव्हरला हात करून उघाडी दाखवायचीस, तेवढी सोडा म्हणायचीस. ते बिचारे परगावचे, भाषा न कळणारे, मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला तिथंच ओतायचे. एका सकाळी मी गॅलरीतून बघितलं, तू ढिगावर चढली होतीस आणि हाताने विटा बाजूला करत होतीस. साठीची बाई. मी चप्पल घालून जिन्यापर्यंत आले आणि परत वर गेले. त्या दिवशी मी खाली आले असते तर तुला सगळं सांगावं लागलं असतं.

आता ती जागा सपाट आहे, वर पांढरे पट्टे मारलेत. गाड्या छान ओळीत उभ्या असतात. तळमजल्यावरच्या भिंतींना वीतभर ओल चढलीय, उन्हाळ्यात. पेंटरने दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे आले. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे. ते कुठून येतं ते मेकॅनिकला सापडत नाही, तो पंप लावतो आणि जातो. लोक म्हणतात बिल्डरने हलकं काम केलं. अमावास्येच्या आसपास बाथरूमच्या मोरीतून गुडगुड आवाज येतो, आणि सकाळी सगळे एकमेकांना विचारतात, तुमच्याकडे पण का? मी सोडून सगळे विचारतात.

तुझ्याकडे शेवटचं येणं झालं ते तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यात. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं, धूळ टाळा म्हणाले होते. तू खाटेवर बसून वंदनाला सामान कुठं ठेवायचं ते सांगत होतीस. रेशनकार्ड, सातबाऱ्याचे जुने कागद, नवऱ्याचा फोटो, सगळं माळ्यावर. मला बघून चहा टाकायला लावलास. मी सांगायचं ठरवून आले होते, देवाशपथ. तू मात्र माझ्या गुडघ्याचं विचारलंस आणि ह्यांच्या शुगरचं. मग खिडकीकडे बघत म्हणालीस, “पानी येल गो बाय. तुमच्याकडं आवाज करून येल, आमच्याकडं गपचूप.” मी चहा संपवला. तू माझ्या डब्यात सुकट घालून दिलीस, वर मूठभर जास्त. वरचा बोंबील बंद करून दोन महिने मला शिक्षा करणारी तू, त्या दिवशी मूठभर जास्त का घातलंस? तुला कळलं होतं का? हा प्रश्न मी सोळा दिवस स्वतःला विचारतेय. कळलं नसेल तर मी तुला फसवूनच पाठवलं. कळलं असेल, आणि तरीही तू घातलंस, तर मी काय तोंडाने तुझ्या घरी जाऊ?

तू मला काय दिलंस ते सांगून ठेवते, कारण नंतर धीर होईल न होईल. या गावात तीस वर्षं राहून माझ्या पायाखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं. फ्लॅटचा नंबर माहीत होता. तू मला तिथीवरून भरतीची वेळ सांगायला शिकवलंस, वाऱ्याचा वास घ्यायला शिकवलंस. तू माझ्याशी भांडलीस. ऑफिसात चाळीस वर्षं कुणी माझ्याशी बरोबरीने भांडलं नाही, सगळे हो मॅडम म्हणायचे. मला मैत्रीण मिळाली ती उतारवयात, आणि मी तिच्याशी असं वागले.

आज सकाळी मी तुझ्या घरी गेले. सगळ्या नोटिसा घेऊन गेले. वंदना उंबऱ्याला विटांचा थर लावत होती, सिमेंट कालवून, पदर खोचून. तुझ्या वेळची निम्मी पायरी त्यात गेली. तिचा नवरा कामावर होता, थोरला खेळायला गेला होता, धाकटी दारात बसून विटा मोजून देत होती. मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. ओळ होती. वंदना, तू बरोबर वाचलं होतंस. सासूबाईंनी मला विचारलं आणि मी नाही म्हणाले. आजूबाजूच्या दोघी-तिघी बाहेर आल्या होत्या, त्या अकरातल्या. त्यांनीही ऐकलं. मी म्हणाले, हिराचा काही दोष नव्हता, हे मी अख्ख्या गावात सांगेन, फेडरेशनच्या सभेत सांगेन, लिहून बोर्डावर लावेन.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने थापी ठेवली, कागद घेतला, शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. मग त्याची घडी घालून माझ्याच हातात दिला.

“आईंनी मरेपर्यंत माज्याशी धड बोलनं सोडलं व्हतं, या ओळीपायी,” ती म्हणाली.

ती पुन्हा खाली बसली, वीट उचलली, आणि न बघता विचारलं की आता हे सगळं सांगून तो भराव निघणार आहे का. मी खरं ते सांगितलं. नाही. आता पुन्हा मतं घेतली तरी निघणार नाही. उघाडीवर किती डंपर आहेत ते कुणालाच माहीत नाही, आणि दगडाविटांत अडकलेली ती झडप आता धड मिटत नाही, धड उघडत नाही. ती म्हणाली, वटपौर्णिमेला एक महिना राहिला. त्या दिवशी दुपारी भरती मोठी आहे आणि वर पाऊस असला तर तुमच्या सेक्टरचं सगळं पाणी इथं उतरणार, आणि बाहेर जायला वाट नाही.

तेव्हा मी ते बोलले, जे रात्रभर ठरवून आले होते. म्हटलं, वंदना, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या रिकाम्या आहेत. नवऱ्याला, मुलांना घेऊन आत्तापासूनच ये, पावसाळाभर राहा, मला उपकार म्हणू नकोस.

तिने हातातली वीट बसवली, थापीच्या दांड्याने ठोकली, आणि दारात उभ्या असलेल्या त्या बायकांकडे मान वळवली. मग माझ्याकडे बघितलं.

“तुमच्याकडं आमी चौघं मावू, काकू. आनि बाकीची घरं?”

मी गावाकडे बघितलं. गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक उंबऱ्याशी विटा पडलेल्या होत्या, हिरा.